डाव रंगात आला की: फँटसी टेबलटॉप खेळासाठी ऑर्केस्ट्रा कसा निवडायचा, कापायचा आणि वाजवायचा

कोल्हापूरच्या खासबागेतलं कुस्तीचं मैदान ज्यानं जवळ बसून बघितलंय, त्याला हलगीवाल्याची नजर आठवत असेल. हात हलगीवर, डोळे मात्र जोडीवर. पैलवान एकमेकांची मनगटं चाचपत असतात तोवर ठेका एका चालीत चाललेला असतो. एखादा पट काढायला झेपावला की त्याच क्षणी काडीची चाल बदलते, आणि कुस्ती निकाली झाली की सगळं मैदान हलगीवर उसळतं. हलगी कुस्तीच्या मागून चालते. तिनं पुढं पळायचं ठरवलं तर कुस्तीची मजा जाईल.

राजारामपुरीत एका मित्राच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण दर पंधरवड्याला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला, तेव्हापासून जगभर त्याचं स्वरूप तेच आहे: एक डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट सांगतो, बाकीचे आपापली पात्रं बोलून खेळतात, आणि जिथं नशिबाचा प्रश्न येतो तिथं फासे पडतात. आमचा डीएम मी. संगीताच्या बाबतीत मला जे काही उमगलंय ते त्या हलगीवाल्याकडून. लक्ष खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ठेवायचं आणि हात आवाजाच्या बटणावर. खाली जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीच्या सोयीसाठी आहे.

गाणी शोधायच्या आधी

बहुतेक नवे डीएम आधी दोनशे ट्रॅकची प्लेलिस्ट जमवतात आणि मग खेळात त्यातलं योग्य गाणं शोधत बसतात. फासा पडलाय, सगळे तुमच्याकडे बघतायत आणि तुम्ही मोबाईलवर अंगठा सरकवताय, असं होतं. उलट्या बाजूनं सुरुवात करा. पुढच्या सेशनची वही उघडा आणि त्यात जिथं हवा बदलणार आहे त्या जागा खुणा करून ठेवा. गावातून जंगलात, जंगलातून गुहेत, बोलण्यातून हाणामारीत. चार तासांच्या खेळात अशा जागा सहा-सात निघतात. तेवढेच ट्रॅक लागतात, शिवाय एखादा राखीव. माझ्या चार तासांत संगीत जेमतेम दीड तास वाजतं. उरलेला वेळ माणसांचा आवाज, फाशांचा आवाज आणि खालच्या चौकातल्या गाड्या.

प्रत्येक खुणेपुढं एकच शब्द लिहा: 'दबा', 'धावपळ', 'दुःख', 'आश्चर्य'. ठिकाणाचं नाव लिहू नका. 'गुहा' लिहिलंत तर गुहेचं संगीत शोधाल. पण गुहेत दबा धरायचाय की खजिना बघून डोळे विस्फारायचेत, यावर सगळं अवलंबून आहे.

कानाची निवड

पहिला नियम शब्दांचा. मराठीत खेळणाऱ्या टेबलावर मराठी किंवा हिंदी शब्द असलेलं काहीही वाजवू नका. कान शब्दांच्या मागं जातो. लॅटिनमधला समूहस्वर चालतो, कारण आपल्याला तो नुसता 'आ'कार वाटतो. दुसरा नियम ओळखीचा. गाजलेल्या सिनेमाचं संगीत लावलंत की टेबलावरच्या सहाही डोक्यांत तो सिनेमा सुरू होतो, तुमचा किल्ला पुसला जातो.

तिसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ इथंच होतो. बोलताना चालणारं संगीत आणि बोलणं थांबल्यावर चालणारं संगीत ही दोन वेगळी कामं आहेत. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, म्हणजे 'स' की 'श', 'त' की 'ट' हे कळायला साधारण २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा लागतो. व्हायोलिनचा चढा सूर, ट्रम्पेट, बासरी यांचा झगझगीतपणा त्याच पट्ट्यात येतो. ठसठशीत चाल असलेला ट्रॅक खाली वाजत असला की खेळाडू पुढं वाकून ऐकायला लागतात. आमच्यातल्या एकानं एकदा थेट सांगितलं, "मर्दा, तू बोलायलायस का ते गाणं बोलायलंय, कळंना झालंय." बोलण्याखाली चेलोंचे (व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड) लांब सूर, हॉर्न या पितळी वाद्याचा मऊ थर, कंप पावणारी तंतुवाद्यं एवढंच ठेवा. चाल, तुतारीसारखी ललकारी, मोठे ढोल हे सगळं तुम्ही गप्प बसाल त्या वीस-तीस सेकंदांसाठी राखून ठेवा.

वाद्यांचे स्वभाव ओळखता आले की ट्रॅकच्या नावावर विसंबावं लागत नाही. बोटांनी छेडलेली तंतुवाद्यं आणि बासून (खर्जातलं, फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) म्हणजे चोरपावलं. हार्प आणि चेलेस्टा (पियानोसारखं, पण छोट्या घंटांसारखं किणकिणणारं वाद्य) म्हणजे जादू. दुरून येणारा हॉर्न म्हणजे वीर किंवा परतीची वाट. व्हायोलिनच्या धनुकलीच्या, म्हणजे गजाच्या, लाकडानं तारांवर टकटक केली की हाडं वाजल्यासारखा कोरडा आवाज येतो. सैन्य चालून येतंय असं वाटायला तेवढा पुरतो.

आता आपल्या कानाबद्दल. पाश्चात्त्य संगीतात 'लिडियन' म्हणतात तो स्वरसमूह म्हणजे आपला कल्याण थाट, तीव्र मध्यमाचा. फँटसी संगीतात अद्भुत वाटावं म्हणून तो सर्रास वापरतात, आणि यमन ऐकत वाढलेल्या आपल्या कानालाही तिथं संध्याकाळचा मोकळेपणा जाणवतो. इथं दोघांचं जमतं. पण 'फ्रिजियन' म्हणजे भैरवी थाट. तिकडं तो धोक्याचा, अंधाराचा म्हणून येतो. आपल्याकडं भैरवी म्हणजे मैफल संपत आली, उठायची वेळ झाली. अल्लादिया खाँसाहेब ज्या कोल्हापुरात दरबारी गवई होते, तिथं घराघरात हे मुरलेलं आहे. राक्षसाच्या गुहेसाठी मी असाच एक ट्रॅक निवडला होता. त्यातली चाल गुणगुणण्याजोगी होती, आणि दोघा खेळाडूंच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी हुरहूर दिसली. तेव्हापासून भीतीसाठी मी चाल असलेलं काही घेतच नाही. एकच खर्जातला सूर आणि त्याला खेटून अर्ध्या स्वरावर दुसरा सूर, एवढ्यानं मानेवर काटा येतो.

जुन्या खजिन्यातले पाच मोहरे

नवीन फँटसी संगीताचा आजा म्हणावा असं बरंच काही एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या ऑर्केस्ट्रात पडलेलं आहे, आणि ते खेळासाठी वापरायला फार सोयीचं आहे.

ग्रीगच्या 'पिअर गिन्ट'मधला 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग' मी घड्याळ म्हणून वापरतो. तो जेमतेम अडीच मिनिटांचा आहे. तळातल्या तंतुवाद्यांवर आणि बासूनवर चोरपावलांनी सुरू होतो, तीच छोटी चाल पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी जलद आणि थोडी मोठी, आणि शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो. दरवाजा बंद होतो, पाणी चढायला लागतं, आणि मी सांगतो: हे संगीत संपेपर्यंत काय करायचं ते ठरवा. वेगळा टायमर दाखवायची गरज पडत नाही. वेळ संपत आली हे अंगालाच कळतं.

होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधला 'मार्स' युद्धाच्या तयारीसाठी. धनुकलीच्या लाकडाची टकटक वर सांगितली ती याच्या सुरुवातीलाच आहे. ठेका पाच मात्रांचा. झपतालाची सवय असलेल्या कानाला पाच मात्रा परक्या नाहीत, तरी इथं त्या आपटत येतात, थांबत नाहीत. माझा सल्ला असा की पहिली दीड मिनिटंच वापरा. पुढं पितळी वाद्यं असा कल्लोळ करतात की कुणाचं काही ऐकू येत नाही.

मुसोर्गस्कीच्या 'नाइट ऑन बाल्ड माउंटन'चं रिम्स्की-कोर्साकोव्हनं १८८६ साली केलेलं रूप मिळवा. सगळे सुरुवातीचा भुताटकीचा धिंगाणा वाजवतात. त्यातलं खरं सोनं शेवटी आहे. पहाटेची घंटा होते, वादळ विरतं, आणि आधी क्लॅरिनेट, मग बासरी एकटी बोलते. लढाई संपली, एखादं पात्र गेलं, बाकीचे रक्त पुसत बसलेत, तिथं तेवढा तुकडा कापून लावा. समुद्रप्रवासाला रिम्स्की-कोर्साकोव्हचीच 'शेहेरझाद' (१८८८), आणि हाडांच्या सांगाड्यांसाठी सें-साँसची 'दान्स माकाब्र' (१८७४), ज्यात झायलोफोनवर हाडं वाजतात.

हक्कांचं दोन ओळींत. भारतात रचनेचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. होल्स्ट १९३४ साली गेले, म्हणजे त्यांची रचना कधीच मोकळी झाली. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, आणि गेल्या वर्षी एखाद्या ऑर्केस्ट्रानं वाजवलेला 'मार्स' मोकळा नाही. घरच्या टेबलावर विकत घेतलेली गाणी बिनधास्त लावा. खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणार असाल तर मात्र 'म्युझओपन'वरची मोकळी ध्वनिमुद्रणं किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घ्या आणि सांगितलेलं श्रेय न विसरता द्या. केव्हिन मॅक्लाउडच्या 'इन्कॉम्पिटेक'वर श्रेय देऊन वापरता येणारं भरपूर मिळतं. 'टेबलटॉप ऑडिओ'वर दहा-दहा मिनिटांचे वातावरणाचे ट्रॅक फुकट आहेत: खानावळ, बंदर, दलदल.

फाईल तयार करणं

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण ते केल्याशिवाय टेबलावर बसू नका. ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रणात कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत फरक प्रचंड असतो. सभागृहात ते सुंदर. खोलीत मात्र सुरुवात ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता, आणि दोन मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात.

'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. आधी कॉम्प्रेसर लावा, म्हणजे मोठे भाग दबतील. मग 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' घेऊन सगळ्या फाईली एकाच पातळीवर आणा. मी −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ठेवतो. बोलण्याखाली वाजणाऱ्या फाईलींत इक्वलायझरनं २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा तीन-चार डेसिबल खाली करा. ऐकताना फरक जाणवत नाही, बोलताना जाणवतो. 'घड्याळ' म्हणून वापरायच्या ट्रॅकला कॉम्प्रेसर हलकाच लावा, नाहीतर त्याची चढण सपाट होईल.

लूप कापताना लोक फसतात ते प्रतिध्वनीवर. ट्रॅक संपताना सभागृहातला घुमारा हवेत असतो. तो तोडून पुन्हा सुरुवात झाली की दर दोन मिनिटांनी कानाला ठेच लागते. उपाय असा: हवा तो भाग तीनदा एकापुढं एक लावा, जोडांवर दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड द्या (एक तुकडा विरत असताना दुसरा चढवायचा), आणि मग मधल्या फेरीच्या सुरुवातीच्या जोडापासून पुढच्या जोडापर्यंत, दोन्हीकडं नेमक्या त्याच ठिकाणी कापा. मधल्या फेरीच्या सुरुवातीत आधीच्या फेरीचा घुमारा मिसळलेला असतो, म्हणून ती स्वतःलाच अलगद जोडली जाते. कापण्याआधी 'झेड' बटण दाबा, म्हणजे निवड लहरीच्या शून्य बिंदूवर सरकते आणि 'टक्' आवाज येत नाही. फाईलीचं नाव वहीतल्या शब्दानं सुरू करा: '०३_दबा', '०४_धावपळ'. सेशनच्या क्रमानं लागल्या की शोधाशोध संपली.

खोली

स्पीकर टेबलावर ठेवू नका. डीएमच्या मागं, भिंतीकडं तोंड करून, कानाच्या उंचीच्या जरा खाली ठेवा. आवाज भिंतीवरून पसरून येतो आणि कुणा एकाच्या कानात घुसत नाही. छोट्या ब्लूटूथ स्पीकरमधून ८०–१०० हर्ट्झच्या खालचं फारसं निघत नाही, त्यामुळं डबल बासवर उभा असलेला ट्रॅक त्यावर पोकळ वाटतो. ट्रॅक निवडतानाच त्या स्पीकरवर ऐका, हेडफोनवर नको.

पातळी ठरवताना पंखा चालू ठेवा. खेळाच्या वेळी तो चालूच असणार, आणि त्याची घरघर सगळे हळुवार सूर खाऊन टाकते. मोबाईलवरच्या साध्या डेसिबल ॲपनं मोजा: माणसांचं बोलणं ६० च्या आसपास येतं, त्याखालचं संगीत ४५–५० वर ठेवा. जुलैत आमच्याकडं पत्र्यावर कोल्हापुरी पाऊस कोसळत असतो. तेव्हा मी वातावरणाचे ट्रॅक बंदच ठेवतो आणि गोष्टीतही पाऊस पाडतो.

वायर लावा. ब्लूटूथ स्पीकर थोडा वेळ शांत राहिला की स्वतःहून बंद होतो, आणि पुन्हा जोडताना टुंग करतो. आणि फाईली आपल्या मशीनवर हव्यात, इंटरनेटवरून वाजवू नयेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलावरच्या एका वहिनींचं पात्र, तीस सेशन जगलेली एक म्हातारी वैद्यीण, पुलावर एकटी उभी राहून बाकीच्यांना पळायला वेळ देत होती. वहिनी तिचे शेवटचे शब्द बोलत होत्या. चेलो चालू होता. आणि एका फुकट ॲपनं मध्येच डिटर्जंटची जाहिरात वाजवली, तीही दुप्पट आवाजात. वहिनी थांबल्या. पुन्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. ते वाक्य माझ्यामुळं गेलं हे मला आजही लागतं, म्हणून इतक्या जोर देऊन सांगतोय: फाईल डाउनलोड केलेली, मोबाईल एअरप्लेन मोडवर, लॅपटॉपचे नोटिफिकेशन बंद.

ऑनलाइन खेळणाऱ्यांना 'केंकू एफएम' या ॲपमधून डिस्कॉर्डवर संगीत पाठवता येतं, 'रोल२०' या ऑनलाइन टेबलावर ज्यूकबॉक्स आहे. तिथं प्रत्येक खेळाडूला आपापला आवाज कमी-जास्त करता येतो, ही मोठी सोय.

टेबलावर

सुरू करताना कधीही एकदम सुरू करू नका. शून्यापासून आठ-दहा सेकंदांत चढवा, तुमचं वर्णन सुरू असतानाच. खेळाडूंना संगीत सुरू झालेलं कळूच नये, हवा बदललेली कळावी. लढाईचा ट्रॅक मात्र इनिशिएटिव्हचे, म्हणजे लढाईत कुणाची पाळी कधी हे ठरवणारे, फासे पडल्यावर लावा, आधी नाही. आधी लावलात तर दार उघडायच्या आधीच सगळे तलवारी काढतात आणि दारामागच्याशी बोलायची शक्यता मरते. तीन फेऱ्या झाल्या की लढाईचं संगीतही हळूहळू खाली न्या. ताण कानात फार वेळ टिकत नाही, त्याची सवय होते.

थांबवणं हे सगळ्यात मोठं हत्यार. बराच वेळ वाजत असलेलं संगीत वाक्याच्या मध्येच तोडलं की सहाही माना वर येतात. हे एका सेशनमध्ये एकदाच करा. माझ्या वहीत त्या जागेपुढं नुसतं फुलीचं चिन्ह असतं.

एखाद्या खलनायकाला चार-पाच सुरांची स्वतःची खूण द्या. 'म्यूझस्कोर' आणि त्याचे 'म्यूझ साउंड्स' दोन्ही मोफत आहेत आणि त्यातला ऑर्केस्ट्रा खेळाला पुरून उरतो. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, चार मात्रांचे सोळा बार (आवर्तनं) लिहिले की ६४ सेकंदांचा तुकडा होतो. पेटीवर सापडलेली चाल तिथं टाका. पहिल्यांदा एकट्या चेलोवर, फार हळू, खलनायक कुणालाच माहीत नसताना. चार सेशननंतर तीच हॉर्नवर. कुणीतरी मान वर करून विचारेल, "हे आधी ऐकलंय का आपण?" उत्तर देऊ नका.

अंधारबाव

शेवटी एक सेशन जसंच्या तसं मांडतो. पन्हाळ्यावरची अंधारबाव माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घोळत होती: बाहेरून साधी दगडी इमारत, आत तीन मजले, तळाशी पाणी, पहाऱ्यासाठी कोनाडे, बाहेर पडायची चोरवाट. ती मी आमच्या जगात नेली. एका पावसाळी मंगळवारी, गर्दी नसताना, पन्हाळ्याला जाऊन मोबाईलवर आवाज धरून आणले. मोबाईलला रुमाल गुंडाळला, म्हणजे वाऱ्याची फरफर कमी होते. ठिबकणारं पाणी सहा मिनिटं, मसाई पठारावरचा वारा दहा मिनिटं. वातावरणाचा एवढा अस्सल ट्रॅक मला कुठंच मिळाला नाही, आणि तुमच्या जवळच्या कुठल्याही गडावर तो फुकट आहे.

वरच्या मजल्यावर नुसता वारा, संगीत नाही. जिना उतरायला लागल्यावर वारा खाली आणि ठिबक वर. दुसऱ्या मजल्यावर कोनाड्यांची वर्णनं करताना चेलोंचा एक सूर, इतका हळू की पंख्याखाली जेमतेम जाणवावा. तिथं त्यांना एक मेलेला पहारेकरी बसलेला दिसला. चेलो तसाच. तिसऱ्या मजल्यावर पाण्यात कुणीतरी कंदील धरून उभं होतं. तिथं फुली होती. चेलो तोडला, ठिबकही तोडली. पत्र्यावरचा पाऊससुद्धा योगायोगानं ओसरला होता.

कंदीलवाली बोलली. खेळाडू पावणेदोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मी घड्याळ बघितलं होतं. मग एकानं, अगदी हळू आवाजात, तिला विचारलं, "आजी, तुम्ही कुणाची वाट बघताय?"

लढाईचा ट्रॅक तयार होता, बोट बटणावर होतं. तो त्या रात्री वाजलाच नाही. '०५_धावपळ' अजून फोल्डरमध्ये तशीच आहे.